तक्षशिला, थिमय्या आणि चार हजार खासदार : प्रचारातील चुकांचा हिशेब

नवी दिल्ली : पाटण्याच्या गांधी मैदानावर २७ ऑक्टोबर २०१३ रोजी भारतीय जनता पक्षाची 'हुंकार सभा' झाली. त्या दिवशी शहरात साखळी बॉम्बस्फोट झाले आणि स्वाभाविकपणे दुसऱ्या दिवशीच्या बातम्या स्फोटांनीच व्यापल्या. पंतप्रधानपदाचे उमेदवार नरेंद्र मोदी यांच्या भाषणातील मजकुराकडे लक्ष गेले ते थोड्या विलंबाने. जनता दल (संयुक्त)च्या राजगीर येथील शिबिरात तत्कालीन मुख्यमंत्री नितीशकुमार यांनी त्या भाषणातील तीन विधानांवर बोट ठेवले. तक्षशिला बिहारमध्ये नसून पाकिस्तानात आहे, सिकंदर गंगेपर्यंत कधी पोहोचलाच नाही आणि चंद्रगुप्त हा गुप्त वंशाचा नव्हे तर मौर्य वंशाचा, असे त्यांनी सुनावले. भाजपशी सतरा वर्षांची युती जून महिन्यातच तोडलेल्या नेत्याच्या तोंडी हा इतिहासाचा पाठ अधिकच खोचक वाटला.

निवडणूक प्रचारातील तथ्यांच्या चुकांचा विषय निघाला की हे उदाहरण हटकून दिले जाते. मात्र ते जरा जवळून पाहिले, तर वाटते तितके सरळ राहत नाही. तक्षशिलेबाबत वादच नाही. ते प्राचीन विद्याकेंद्र आजच्या पाकिस्तानी पंजाबात, रावळपिंडीजवळ आहे. बिहारचा अभिमान जागवायचा तर नालंदा आणि विक्रमशिला ही दोन नावे हाताशी होतीच. सिकंदराचे सैन्य इसवी सनपूर्व ३२६ मध्ये बियास नदीच्या काठावरून मागे फिरले, हेही सर्वमान्य आहे. परंतु पुढे गंगेच्या खोऱ्यात प्रचंड सैन्य बाळगणारे राज्य आहे, ही वार्ता त्या थकलेल्या सैनिकांच्या कानी आली होती, असे ग्रीक आणि रोमन लेखक सांगतात. ते राज्य नंदांचे, म्हणजे मगधाचेच. बिहारच्या मातीत सिकंदराचा पराभव झाला नाही. पण मगधाच्या केवळ कीर्तीने त्याच्या सैन्याचा उत्साह मावळला, असे म्हणायला आधार आहे. मूळ गोष्ट अधिक सरस होती आणि ती खरीही होती. व्यासपीठावर मात्र तिचे रूपांतर न झालेल्या लढाईत झाले. चंद्रगुप्ताबाबत तर दुरुस्तीलाच दुरुस्तीची गरज आहे, कारण गुप्त घराण्यातही चंद्रगुप्त नावाचे दोन प्रसिद्ध सम्राट होऊन गेले आणि त्यांची राजधानीही पाटलिपुत्रच होती. वक्त्याच्या मनात नेमका कोणता चंद्रगुप्त होता, हा प्रश्न उरतो. पण 'गुप्त वंशाचा चंद्रगुप्त' हे शब्द तेवढ्याने चूक ठरत नाहीत.

पुढील वर्षी लोकसभेच्या निवडणुकीत बिहारच्या ४० पैकी ३१ जागा भाजप आणि मित्रपक्षांनी जिंकल्या. चुका दाखवून देणाऱ्या पक्षाला दोन मिळाल्या. अर्थात, या निकालाचा तक्षशिलेशी संबंध नव्हता. मुद्दाही नेमका तोच आहे.

पाटण्याच्या सभेनंतर पंधरवड्याच्या आतच गुजरातमधील खेडा येथे मोदी यांच्या भाषणात श्यामजी कृष्ण वर्मा यांच्या जागी श्यामाप्रसाद मुखर्जी यांचे नाव आले. पहिले कच्छमधील मांडवीचे, लंडनमध्ये 'इंडिया हाऊस' स्थापन करणारे, १९३० मध्ये जिनिव्हात निवर्तलेले क्रांतिकारक. दुसरे कोलकात्याचे, जनसंघाचे संस्थापक, १९५३ मध्ये श्रीनगर येथे स्थानबद्धतेत मृत्यू पावलेले. विरोधकांनी त्यावर रान उठवले. तथापि वर्मा यांच्या अस्थी जिनिव्हाहून २००३ मध्ये भारतात आणल्या त्या मोदी यांनीच, मुख्यमंत्री असताना. ज्या माणसाने तो कलश स्वतः आणला त्याला वर्मा कोण हे ठाऊक नव्हते, असे कोणी गंभीरपणे म्हणू शकत नाही. ही घसरलेली जीभ होती, अज्ञान नव्हे.

हा भेद महत्त्वाचा आहे, आणि प्रचाराच्या धुळवडीत नेमका तोच पुसला जातो. कर्नाटकात २७ मार्च २०१८ रोजी, निवडणुकीची घोषणा झाली त्याच दिवशी, भाजपचे तत्कालीन अध्यक्ष अमित शहा यांनी दावणगेरे येथे पत्रकारांसमोर भ्रष्टाचारात पहिला क्रमांक येडियुरप्पा सरकारचा लागेल, असे म्हटले. येडियुरप्पा शेजारीच बसले होते. रोख सिद्धरामय्या सरकारवर होता, हे उघड होते आणि शेजारून सूचना मिळताच दुरुस्तीही झाली. तेवढी काही सेकंदांची चित्रफीत मात्र महिनाभर फिरत राहिली. त्याच मोहिमेत काँग्रेस अध्यक्ष राहुल गांधी यांची विश्वेश्वरय्या हे नाव उच्चारताना अडखळ झाली. त्यावर पंतप्रधानांनी चामराजनगर जिल्ह्यातील सभेत त्यांना आव्हान दिले, की हातात कागद न घेता पंधरा मिनिटे बोलून दाखवा आणि विश्वेश्वरय्यांचे नाव पाच वेळा घ्या. टाळ्या मिळाल्या. विश्वेश्वरय्यांच्या राज्यात सिंचनाचे काय झाले, याची चर्चा मागे पडली. अमराठी नेत्याने 'ळ'चा 'ल' केला की मराठी श्रोताही गालात हसतोच. परंतु उच्चाराची अडचण आणि वस्तुस्थितीची मोडतोड या गोष्टींना एकाच तागडीत टाकणे न्याय्य नाही.

त्याच प्रचारात मोडतोडीची उदाहरणेही होती. कलबुर्गी येथील सभेत पंतप्रधानांनी कोडगूचे सुपुत्र जनरल थिमय्या यांचा उल्लेख केला. १९४८ चे युद्ध थिमय्यांच्या नेतृत्वाखाली जिंकले आणि त्यानंतर पंडित नेहरू व संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांनी त्यांचा अपमान केला, म्हणून त्यांना राजीनामा द्यावा लागला, असा त्या विधानाचा आशय होता. प्रत्यक्षात १९४८ मध्ये लष्करप्रमुखपदी ब्रिटिश अधिकारी रॉय बुचर होते आणि संरक्षणमंत्री होते बलदेव सिंग. मेनन यांच्याकडे ते खाते आले एप्रिल १९५७ मध्ये आणि थिमय्या लष्करप्रमुख झाले त्याच वर्षी मे महिन्यात. राजीनाम्याचे प्रकरण १९५९ चे. मेनन यांच्याशी न पटल्याने थिमय्यांनी तो दिला होता, नेहरूंच्या आग्रहावरून मागे घेतला आणि १९६१ पर्यंत ते पदावर राहिले. येथेही पाटण्यासारखेच झाले. थिमय्या काश्मीरच्या लढाईत होते, मोठ्या पराक्रमाने होते. झोजिला खिंडीत रणगाडे चढवण्याची कामगिरी त्यांच्याच डिव्हिजनची. मेनन यांच्याशी त्यांचा खटका उडाला, हेही खरे. पण अकरा वर्षांचे अंतर गिळून दोन घटना शेजारी ठेवल्या की कृतघ्नतेची एक नवी कथा तयार होते, जी यांपैकी कोणत्याही एका सत्यात नाही. मराठीत याला 'ध'चा 'मा' करणे म्हणतात.

मतदानाला तीन दिवस उरले असताना बिदर येथे भगतसिंगांचा विषय आला. भगतसिंग आणि त्यांचे सहकारी तुरुंगात असताना काँग्रेसचा कोणी नेता त्यांना भेटायला गेला होता काय, असा पंतप्रधानांचा सवाल होता. आपल्या वाचनात तसे आलेले नाही, कोणाला माहिती असल्यास सांगावी, अशी पुस्तीही त्यांनी जोडली. माहिती तासाभरात समोर आली. नेहरू ऑगस्ट १९२९ मध्ये लाहोरच्या तुरुंगात जाऊन भगतसिंग आणि जतीन दास यांना भेटले होते. उपोषण सुरू होऊन तेव्हा महिना उलटला होता. लाहोरच्या 'ट्रिब्यून'ने त्या भेटीची बातमी दिली होती आणि स्वतः नेहरूंनी आत्मचरित्रात तिचे वर्णन केले आहे. प्रश्नरूपाने केलेल्या विधानाची ही सोय असते. ते चूक ठरले तरी 'मी केवळ विचारले' असे म्हणता येते, आणि सभेतून घरी गेलेल्या श्रोत्याच्या मनात मात्र उत्तर आधीच ठसलेले असते. निकालात भाजप १०४ जागांसह सर्वांत मोठा पक्ष ठरला. सरकार काँग्रेस आणि जनता दल (धर्मनिरपेक्ष) यांनी मिळून बनवले.

अशा चुका एकाच ठिकाणी वारंवार का होतात, हे पाहण्यासारखे आहे. राष्ट्रीय नेता दिवसाला तीन-चार सभा घेतो, बहुधा तीन-चार जिल्ह्यांत. प्रत्येक ठिकाणी पहिली दोन वाक्ये स्थानिक भाषेत, मग तेथील दैवत, संत, योद्धा, शास्त्रज्ञ यांना वंदन, आणि नंतर मुख्य भाषण, अशी रचना आता सर्वच पक्षांत रूढ झाली आहे. महाराष्ट्रातील श्रोत्याला ती नवी नाही. दिल्लीहून येणारा प्रत्येक पाहुणा छत्रपतींना वंदन करूनच बोलू लागतो. हा स्थानिक तपशील बहुधा ऐनवेळी पुरवला जातो आणि वक्त्याच्या स्वतःच्या स्मरणातला नसतो. त्यामुळे मुख्य भाषणातील, शेकडो वेळा घोकलेले मुद्दे बिनचूक येतात आणि चूक होते ती आपलेपणा दाखवण्यासाठी जोडलेल्या भागात. तक्षशिला बिहारमध्ये आली ती बिहारींना सुखावण्यासाठी. थिमय्या १९४८ मध्ये सेनापती झाले ते कर्नाटकात सभा होती म्हणून. श्रोत्याचा सन्मान करायचा आणि त्याच्या इतिहासाची खातरजमा करायची नाही, ही विसंगती कोणाला खटकत नाही, कारण सभेत उलटा प्रश्न विचारायची सोयच नसते.

आरोप करताना होणारी चूक आणखी वेगळी. ती समोरच्या व्यक्तीला लागते. राहुल गांधी यांनी २९ ऑक्टोबर २०१८ रोजी मध्य प्रदेशातील झाबुआ येथे 'पनामा पेपर्स'च्या संदर्भात मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांच्या पुत्राकडे निर्देश केला. दुसऱ्या दिवशी आपला गोंधळ झाल्याचे त्यांनी मान्य केले. त्यांना म्हणे छत्तीसगडच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांच्या पुत्राविषयी बोलायचे होते. तो आरोपही संबंधितांनी फेटाळलेला होताच. चौहान यांच्या पुत्राने बदनामीचा दावा दाखल केला. एका राज्याच्या सभेत दुसऱ्या राज्याचा आरोप जाऊन पडावा, यात वक्त्याच्या थकव्यापेक्षा आरोपांच्या घाऊक वापराचा भाग अधिक आहे.

पुढील वर्षीची घटना तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. राफेल व्यवहारातील काही कागदपत्रे विचारात घेण्यास सरकारने घेतलेली हरकत न्यायालयाने १० एप्रिल २०१९ रोजी फेटाळली. त्याच दिवशी अमेठीत उमेदवारी अर्ज दाखल केल्यानंतर राहुल गांधी यांनी 'चौकीदार चोर' असल्याचे न्यायालयानेच म्हटल्याचे सांगितले. न्यायालयाने तसे काहीही म्हटलेले नव्हते. निर्णय केवळ कागदपत्रांच्या ग्राह्यतेपुरता होता. भाजप खासदार मीनाक्षी लेखी यांनी अवमान याचिका दाखल केली. प्रचाराच्या ओघात बोललो, असे सांगत आधी खेद व्यक्त झाला. दुसऱ्या प्रतिज्ञापत्रात तो 'खेद' कंसात आल्याने नाराजी ओढवली. अखेर ८ मे रोजी बिनशर्त माफी आली आणि नोव्हेंबरमध्ये, भविष्यात अधिक काळजी घेण्याची समज देऊन, न्यायालयाने प्रकरण बंद केले. एका वाक्याच्या दुरुस्तीला चार आठवडे आणि तीन प्रतिज्ञापत्रे लागली. तोवर देशातील मतदानाचे सातपैकी पाच टप्पे उरकले होते.

ही दुरुस्तीदेखील झाली ती न्यायालयाचे नाव घेतल्यामुळे. एरवी प्रचारातील असत्य विधानांबाबत कायद्याचा हात फारसा लांब नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२३(४) नुसार एखाद्या उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याविषयी किंवा वर्तनाविषयी, त्याच्या विजयाच्या शक्यतेला बाधा येईल अशा बेताने, खोटे असल्याचे ठाऊक असताना केलेले विधान भ्रष्ट आचरण ठरते आणि त्यावरून निवडणूक रद्द होऊ शकते. भारतीय न्याय संहितेतील कलम १७५ ची व्याप्तीही उमेदवाराच्या चारित्र्यापुरतीच आहे. आदर्श आचारसंहिता पडताळणी न झालेल्या आरोपांवर किंवा विपर्यासावर आधारित टीका टाळावी, असे सांगते. पण तीही इतर पक्ष आणि त्यांच्या कार्यकर्त्यांवरील टीकेबाबत. भगतसिंगांना कोण भेटले, बेरोजगारीचा दर किती, एखादे धरण कोणी बांधले, यांपैकी काहीही चुकीचे सांगितले तरी ते कोणत्याच कलमात बसत नाही. कायदा उमेदवाराच्या अब्रूची काळजी करतो, मतदाराच्या माहितीची नाही.

यावर उपाय म्हणून सरकारनेच सत्य-असत्य ठरवावे, असे कोणी सुचवील. केंद्र सरकारने आपल्या कारभाराविषयीच्या समाजमाध्यमांवरील मजकुरासाठी तथ्य-पडताळणी कक्षाची तरतूद केली होती. मुंबई उच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींमध्ये मतभेद झाल्यानंतर तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी २० सप्टेंबर २०२४ रोजी ती घटनाबाह्य ठरवली. निवडणुकीच्या मैदानात तर असा पंच आणखीच संशयास्पद ठरेल, कारण त्या वेळी सरकार स्वतः खेळाडू असते.

महाराष्ट्रात चुकीपेक्षा तिच्या उल्लेखानेच वणवा पेटल्याचे उदाहरण आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये जनआशीर्वाद यात्रेदरम्यान महाड येथे केंद्रीय मंत्री नारायण राणे यांनी, मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांना स्वातंत्र्याला किती वर्षे झाली हेही ठाऊक नव्हते, असा आरोप करत कानाखाली वाजवण्याची भाषा केली. २४ ऑगस्टला त्यांना अटक झाली, रात्री महाडच्या न्यायालयातून जामीन मिळाला आणि राज्यभर दोन्ही पक्षांचे कार्यकर्ते रस्त्यावर उतरले. स्वातंत्र्यदिन पंचाहत्तरावा आणि पूर्ण झालेली वर्षे चौऱ्याहत्तर, हा हिशेब अनेकांना बोटांवर मोजावा लागतो. तो आकडा त्या गदारोळात कोणीच मोजला नाही.

२०२४ च्या निवडणुकीत चुकांचा सूर हलकाफुलका होता. मंडीच्या उमेदवार कंगना रणौत यांनी सुभाषचंद्र बोस हे देशाचे पहिले पंतप्रधान असल्याचे म्हटले आणि टीका झाल्यावर २१ ऑक्टोबर १९४३ रोजी सिंगापूर येथे स्थापन झालेल्या आझाद हिंद सरकारचा दाखला दिला. ते सरकार स्थापन झाले होते आणि नेताजी त्याचे पंतप्रधान होते, हे खरेच; स्वतंत्र भारताचे पहिले पंतप्रधान कोण, या प्रश्नाचे ते उत्तर नव्हे. पुढे एका सभेत तेजस्वी यादव यांच्या मासे खाण्यावर टीका करताना त्यांनी नाव घेतले ते स्वपक्षाच्या तेजस्वी सूर्या यांचे. मंडीतून त्या विजयी झाल्या. आणि ज्यांनी २०१३ मध्ये राजगीरहून इतिहासाचे धडे दिले होते, ते नितीशकुमार आता पुन्हा भाजपसोबत होते. नवादा येथे पंतप्रधानांच्या उपस्थितीत त्यांनी आघाडीचे चार हजारांहून अधिक खासदार निवडून येण्याची आशा व्यक्त केली. मे महिन्यात पाटणा परिसरातील एका सभेत त्यांनी मोदी पुन्हा मुख्यमंत्री व्हावेत, असेही म्हटले. लक्षात आणून दिल्यावर पंतप्रधान असा बदल केला. त्यांच्या पक्षाने लढवलेल्या १६ पैकी १२ जागा जिंकल्या.

चुकांना मतांच्या रूपाने किंमत मोजावी लागत नाही, हा अनुभव केवळ भारताचा नाही. ऑस्ट्रेलियात ११ एप्रिल २०२२ रोजी, प्रचाराच्या पहिल्याच दिवशी, मजूर पक्षाचे नेते अँथनी अल्बनीज यांना पत्रकारांनी बेरोजगारीचा दर विचारला. तो चार टक्के होता. त्यांनी आधी ५.४ असा अंदाज केला. मध्यवर्ती बँकेचा व्याजदरही त्यांना सांगता आला नाही. सहा आठवड्यांनी ते पंतप्रधान झाले. अमेरिकेत २०११ मध्ये रिक पेरी यांना आपण बंद करू इच्छित असलेल्या तीन खात्यांपैकी तिसऱ्याचे नाव वादसभेत आठवेना. ते ऊर्जा खाते होते, आणि २०१७ मध्ये पेरी त्याच खात्याचे मंत्री झाले.

उलट उदाहरण जेराल्ड फोर्ड यांचे. ६ ऑक्टोबर १९७६ च्या वादसभेत पूर्व युरोपवर सोव्हिएत वर्चस्व नाही, असे विधान अध्यक्षपदावर असलेल्या फोर्ड यांनी केले. त्या रात्री अनेक प्रेक्षकांना त्यात विशेष काही वावगे वाटले नव्हते. सर्वेक्षणात मत फिरले ते दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांनंतर. फोर्ड यांनी चूक मान्य करायला काही दिवस घेतले आणि ते दिवस त्यांना महागात पडले. त्यांनी पराभव पत्करला तो याच वाक्यामुळे, असे म्हणणे धाडसाचे होईल. पण पोलंडमधून आलेल्या लाखो कुटुंबांच्या देशात ते वाक्य जिभेचे नव्हे तर धोरणाचे वाटले, एवढे निश्चित.

या परदेशी उदाहरणांत आणि भारतातील उदाहरणांत एक फरक ठळक आहे. अल्बनीज, पेरी आणि फोर्ड चुकले ते प्रश्नाला किंवा प्रतिस्पर्ध्याला तोंड देताना. पाटणा, कलबुर्गी, अमेठी, झाबुआ येथे कोणी प्रश्न विचारला नव्हता. आपल्याकडील चूक ही एकतर्फी भाषणातील आहे आणि म्हणून ती बहुधा शंभर वर्षांपूर्वीच्या इतिहासाविषयी असते, चालू महिन्यातील महागाईच्या दराविषयी नाही. उमेदवाराला महागाईचा दर ठाऊक आहे की नाही, हे समजण्याची संधीच मतदाराला मिळत नाही. सिकंदराच्या मोहिमेपेक्षा हा अडाणीपणा कितीतरी अधिक नुकसान करू शकतो, पण तो उघडकीस येत नाही.

९ मे २०२४ रोजी निवृत्त न्यायमूर्ती मदन लोकूर, निवृत्त न्यायमूर्ती अजित शहा आणि ज्येष्ठ संपादक एन. राम यांनी पंतप्रधान मोदी आणि राहुल गांधी यांना जाहीर वादसभेचे निमंत्रण देणारे पत्र लिहिले. दोन्ही बाजूंकडून केवळ आरोप आणि आव्हाने ऐकू येत असून अर्थपूर्ण उत्तरे मिळत नाहीत, असा त्यांच्या पत्राचा सूर होता. राहुल गांधी यांनी निमंत्रण स्वीकारले. मतदानाचे चार टप्पे तेव्हा बाकी होते. वादसभा झाली नाही आणि ४ जूनला मतमोजणी पार पडली.